चवथीला लागलेली खरूज दसऱ्याला का खाजते?

प्रश्न फोंडा तालुक्यातून आला आहे. विचारणाऱ्या ताईंच्या घरात सहा माणसं. चवथीला मुंबई-पुण्याची मंडळी आली तेव्हा चौदा झाली आणि सगळी मुलं वसरीवर एका ओळीत झोपली. दसऱ्याच्या सुमारास धाकट्या मुलाला रात्रीची खाज सुरू झाली, मग मोठ्या मुलीला, मग ताईंना. डॉक्टरांनी खरूज असल्याचं सांगून परमेथ्रीनचं, म्हणजे खरजेचे किडे मारणारं, मलम दिलं. ते लावून दहा दिवस झाले. खाज कमी झाली, पण गेली नाही. नवऱ्याला काहीच होत नाही, म्हणून त्यांनी मलम लावलंच नाही. सासऱ्यांच्या हातांवर दोनेक महिन्यांपासून जाड, पांढरट पापुद्रे आले आहेत, पण त्यांना फारशी खाज नाही, त्यामुळे 'ते म्हातारपणाचं' असं सगळे धरून चालले आहेत. दम्यासाठी सासरे बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतात. ताई विचारतात: मलम फुकट गेलं का? ज्याला खाज नाही त्यानं ते का लावायचं? आणि रोज दोनदा आंघोळ करणाऱ्या घरात हा रोग आलाच कसा?

ताई, सुरुवात मी सासऱ्यांपासून करते. त्यांच्याबद्दल तुम्ही प्रश्न विचारलाच नाही, जाता जाता एक वाक्य लिहिलंत. ते वाचून मला राहवलं नाही. न बघता निदान करू नये हे मला कळतं. पण स्टेरॉइडच्या गोळ्या, हातांवर जाड पापुद्रे, खाज जवळजवळ नाही आणि घरातल्या बाकीच्यांना खरूज, एवढं सगळं एकत्र ऐकल्यावर माझ्या मनात पहिलं नाव येतं ते खपलीच्या खरजेचं, म्हणजे अंगावर किडे हजारांनी वाढून खपलीचे थर साचतात त्या खरजेचं. त्यांना उद्याच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. फोंड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा किंवा थेट बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात न्या, पण मुलांच्या आधी त्यांना न्या.

हे इतक्या ठामपणे सांगते त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका रुग्णालयाच्या वॉर्डात मी एका आजोबांना तपासलं होतं. तळहातांवर, कोपरांवर, नखांखाली चुन्यासारखे थर होते. खाज नव्हती. मी सोरायसिस (खपल्या धरणारा, पण संसर्गानं न पसरणारा त्वचारोग) म्हणून स्टेरॉइडचं मलम लिहून दिलं. महिना-सव्वा महिन्यानं त्या वॉर्डातल्या दोन परिचारिका आणि रोज चादरी बदलणारी बाई रात्ररात्र खाजवत होत्या, आणि माझ्याही मनगटावर पुरळ उठला होता. तेव्हा आजोबांच्या नखाखालचा भुसा काचपट्टीवर घेऊन तेलाच्या थेंबात पाहिला. सूक्ष्मदर्शकाखाली एका नजरेत सात-आठ किडे वळवळत होते, शेजारी अंडी, रिकामी टरफलं आणि तपकिरी विष्ठेचे गोळे. चूक माझी होती. आजोबांना खाज नव्हती, म्हणून खरूज माझ्या मनातच आली नव्हती.

खरजेचा किडा, म्हणजे सार्कोप्टिस स्केबीआय, आठ पायांचा असतो; गोचिडीच्या गोत्रातला. मादी जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटर लांब. ती कातडीच्या सगळ्यांत वरच्या मृत थरात बीळ पोखरते आणि त्यात रोज दोन-तीन अंडी घालते. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, पिल्लं दहा-चौदा दिवसांत मोठी होतात. मादी महिना-दीड महिना जगते. हा सगळा संसार आपल्या अंगावर चालू असताना पहिल्या खेपेला आपल्याला महिनाभर पत्ताच नसतो. कारण किडा चावतो म्हणून खाज येत नाही. त्याची लाळ, विष्ठा, अंड्यांची टरफलं यांतली प्रथिनं आपल्या रोगप्रतिकारशक्तीच्या ओळखीची झाली की मग खाज सुटते. पहिल्यांदा खरूज लागलेल्या माणसात ही ओळख पटायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. भाद्रपदातल्या चवथीपासून आश्विनातल्या दशमीपर्यंत पाच आठवडे होतात. तुमच्या घरचा हिशेब तिथीला तिथी जुळतो.

एवढा उशीर का लागतो, यात किड्याचाही हात असतो. तो शांतपणे लपून बसत नाही, आपली पहारेकरी यंत्रणा बधिर करणारे पदार्थ सोडत राहतो. आपल्या रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची साखळी असते, ती परक्या पेशींना भोकं पाडते. ती साखळी मधेच तोडणारी प्रथिनं या किड्याच्या आतड्यात आणि विष्ठेत सापडली आहेत. कातडीच्या पेशी एरवी धोक्याचे जे निरोप पाठवतात, तेही सुरुवातीला दबलेले असतात. शेवटी टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, जाग्या होतात आणि बिळांभोवती गोळा होतात. सोबत आयजीई ही ॲलर्जीची प्रतिपिंडं आणि इओसिनोफिल या ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशीही वाढतात. मग पुरळ उठतो, आणि तो अनेकदा जिथे किडाच नाही तिथेही उठतो: पोटावर, मांड्यांवर, पाठीवर. अंगभर शंभर पुळ्या असलेल्या माणसाच्या अंगावर जिवंत किडे सहसा दहा-पंधराच असतात. बाकीचा सगळा पुरळ ही शरीराची प्रतिक्रिया असते.

हा हिशेब एका माणसानं मोजून दाखवला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये शेफील्डला केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञानं, युद्धात लढायला नकार दिलेल्या तरुणांना स्वयंसेवक म्हणून घेऊन खरूज त्यांच्या अंगावर वाढू दिली. पहिल्या लागणीत खाज यायला महिना गेला. बरे झालेल्यांना पुन्हा लागण केली तेव्हा चोवीस तासांच्या आतच ते खाजवू लागले. दुसऱ्या खेपेला किडेही कमी टिकले. काहींच्या अंगावर तर पुन्हा रुजलेच नाहीत. शरीराला ओळख होती, त्यामुळे किड्याच्या जागी लगेच दाह उठत होता आणि नखानं तो खरवडून निघत होता. म्हणजे थोडं संरक्षण मिळतं, पण देवी किंवा गोवरासारखं कायमचं मिळत नाही. म्हणून खरूज पुन्हा पुन्हा होऊ शकते आणि तिच्यावर लसही नाही. रुग्णांनी वापरलेल्या अंथरुणात नुसतं झोपून फारच थोड्यांना लागण झाली, हेही मेलनबीनं पाहिलं. खरूज मुख्यतः अंगाला अंग लागून जाते: एका अंथरुणात झोपून, मूल कुशीत घेऊन, हात हातात धरून.

आता तुमच्या यजमानांचं. त्यांना खाज नाही याचे दोनच अर्थ निघतात. एक, त्यांना लागणच झालेली नाही. दोन, लागण झाली आहे, पण ओळख पटायची आहे. तुमच्याशी आणि मुलांशी रोज जवळीक असलेल्या माणसाच्या बाबतीत मी दुसरंच धरून चालते. आज तुम्ही तिघं बरे झालात आणि त्यांनी मलम लावलं नाही, तर दिवाळीपर्यंत त्यांच्या अंगावरचे किडे पुन्हा मुलांवर येतील, आणि या वेळी मुलांना महिना लागणार नाही, एका-दोन दिवसांत खाज सुटेल. खाजणाऱ्यांनाच औषध द्यायचं की सगळ्यांना, याचं उत्तर फिजीच्या बेटांवर झालेल्या एका अभ्यासातून मिळालं. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटात फक्त रुग्ण आणि त्यांच्या निकटच्या माणसांना मलम दिलं. वर्षभरात खरजेचं प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आलं. दुसऱ्या गटात खाज असो-नसो, सगळ्यांना आयव्हरमेक्टिनच्या, म्हणजे पोटातून घ्यायच्या किडेनाशक औषधाच्या, गोळ्या दिल्या. तिथे ते ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या खाली गेलं. यजमानांना हे आकडे दाखवा.

खरूज ओळखायची कशी, तेही पाहून घ्या. बोटांच्या बेचक्यात, मनगटाच्या आतल्या बाजूला, काखेच्या पुढच्या घडीत, बेंबीभोवती, कमरेला नाडी बांधतो तिथे आणि ढुंगणावर बघा. बायकांमध्ये स्तनाग्रांभोवती, पुरुषांमध्ये जननेंद्रियावर. तान्ह्या मुलांमध्ये तळहात, तळपाय, डोकं आणि चेहऱ्यावरही येते. मोठ्यांचा चेहरा सहसा वाचतो. खाज रात्री, अंथरुणात ऊब आली की भडकते. मी अजूनही दवाखान्यात शाईचं पेन ठेवते. बेचक्यातल्या संशयित जागेवर शाईचा थेंब लावायचा, मिनिटभर थांबायचं, मग स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं. बाकीची कातडी स्वच्छ होते, पण बीळ असेल तर शाई आत उतरलेली असते आणि अर्धा-एक सेंटिमीटरची नागमोडी निळी रेघ उरते, कुणी बारीक टाकानं ओढल्यासारखी. रेघेच्या टोकाला एक काळपट ठिपका दिसतो. ती मादी. सुईच्या टोकानं ती हळूच बाहेर काढता येते, आणि आईवडिलांना सूक्ष्मदर्शकात दाखवली की मलम कसं लावायचं हे दुसऱ्यांदा समजवावं लागत नाही.

आपल्या किनाऱ्यावर वाळूत अनवाणी बसून आलेल्यांच्या पायावर कधी कधी सरकती लाल रेघ उठते, ती खरूज नव्हे. कुत्र्या-मांजरांच्या आकडीकृमीची अळी कातडीत भरकटते, तिची ती वाट, आणि ती रोज पुढे सरकते. भटक्या कुत्र्याच्या खरजेचा किडाही माणसाला चार दिवस खाजवतो, पण आपल्या अंगावर वंश वाढवू शकत नाही.

पुन्हा सासऱ्यांकडे येते. ज्या ओळखीमुळे तुम्हाला खाज सुटली, तीच तुम्हाला दहा-पंधरा किड्यांवर रोखून धरते. खाजवण्यानंही किडे कमी होतात. आता जिथे ही यंत्रणा दुबळी किंवा भरकटलेली आहे तिथे काय होईल याचा विचार करा. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले, एचआयव्ही किंवा एचटीएलव्ही-१ विषाणू असलेले, खूप म्हातारे, अर्धांगवायूमुळे हात हलवू न शकणारे किंवा संवेदनाच गेलेले. त्यांच्या अंगावर किडे हजारांनी, क्वचित लाखांनी वाढतात. कातडी जाड होत जाते, खपलीचे थर साचतात, नखं जाड आणि पिवळट होतात. १८४८ मध्ये नॉर्वेत डॅनियलसन आणि बोक यांनी कुष्ठरुग्णांमध्ये हे रूप प्रथम नोंदवलं, म्हणून जुन्या पुस्तकांत याला 'नॉर्वेजियन खरूज' म्हणत. गंमत अशी की या रुग्णांच्या रक्तात आयजीई आणि इओसिनोफिल कमी नसतात, उलट प्रचंड वाढलेले असतात. ताकद आहे, पण ती चुकीच्या वाटेला लागली आहे. साध्या खरजेत कातडीत सीडी-४ प्रकारच्या टी-पेशी जास्त असतात आणि किड्याला आवर घालणारा प्रतिसाद उठतो. खपलीच्या खरजेत सीडी-८ पेशी जास्त दिसतात आणि ॲलर्जीच्या वळणाचे निरोप वाढलेले असतात, ज्यांनी कातडी जाड होते पण किडा मरत नाही. म्हणून 'आयजीई वाढलं आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती चांगली' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. साध्या खरजेच्या निदानासाठीही ही तपासणी कामाची नाही. आपल्या दमट घरांत धुळीतले माइट नावाचे बारीक किडे भरपूर असतात, ते या किड्याचे नातेवाईक आहेत आणि त्यांची ॲलर्जी असलेल्याचं रक्त दोघांनाही उत्तर देतं.

अशा माणसाच्या गळलेल्या एका खपलीतही कितीतरी किडे असतात. साध्या खरजेत कपड्या-अंथरुणाची फार भीती नसते, इथे मात्र खुर्ची, चादर, टॉवेल सगळं धोक्याचं. चवथीला मुलं ज्या वसरीवर झोपली तिथे सासऱ्यांची बैठक असणार, असा माझा अंदाज आहे. त्यांना यासाठी बोल लावू नका. घरात रोग त्यांनी आणला असं ऐकून जेवायचं ताट बाजूला ओढणारे म्हातारे मी पाहिले आहेत. आणि आंघोळीबद्दल: हा किडा साबणानं धुऊन जात नाही, तो कातडीच्या आत असतो. रोज दोनदा न्हाणाऱ्या घरात तो येतो, कारण त्याला घाण लागत नाही, ऊब लागते. दाटीनं राहणाऱ्यांत तो जास्त पसरतो, म्हणून गरिबांचा रोग म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष झालं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये त्याचा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत समावेश केला.

तुमचं मलम फुकट गेलेलं नाही. किडे मेले तरी त्यांचे अवशेष कातडीचा तो थर गळून पडेपर्यंत आतच असतात आणि प्रतिकारशक्ती त्यांनाही ओळखते. नीट उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, ती हळूहळू उतरत गेली पाहिजे. काखेत किंवा जांघेत लालसर टणक गाठी राहिल्या तर त्या काही महिनेही टिकतात. त्यात बहुधा किडा नसतो, नुसत्या पेशी जमलेल्या असतात. ॲलर्जीच्या गोळीनं झोप लागते, खाज पूर्ण जात नाही, कारण ही गोळी ज्याला अडवते त्या हिस्टामिन या रसायनामुळेच केवळ ही खाज येत नाही. पण नव्या जागी नवी बिळं दिसू लागली किंवा महिन्यानंतरही खाज तशीच राहिली, तर पुन्हा दाखवा. या खाजेला घाबरून रोज परमेथ्रीन लावत बसू नका, त्यानं कातडी कोरडी पडून आणखी खाजते.

आणि कृपा करून फार्मसीतून 'खाजेची ट्यूब' आणू नका. त्यांतल्या अनेकांमध्ये जोरदार स्टेरॉइड असतं, बुरशीच्या औषधात मिसळलेलं. दोन दिवसांत लाली जाते, खाज बसते आणि घरात वाटतं, बरं झालं. झालेलं असतं ते एवढंच, की शरीराची ओळख दाबली गेली. किडे आता मोकळे. महिन्याभरानं असा रुग्ण येतो तेव्हा पुरळ नेहमीच्या जागी नसतो, नेहमीसारखा दिसत नाही, आणि तज्ज्ञही फसतो.

आता करायचं काय. एकच रात्र ठरवा, घरातल्या सहाही जणांची. चवथीला आलेल्या मुंबई-पुण्याच्या मंडळींनाही फोन करा, त्यांनीही तीच रात्र धरावी. पाच टक्के परमेथ्रीन मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावायचं: बेचक्या, बेंबी, नखांखाली (नखं आधी कापून), ढुंगणाची घडी, जननेंद्रिय, तळपाय. मोठ्या माणसाला साधारण ३० ग्रॅमची पूर्ण ट्यूब लागते. एक ट्यूब चौघांत वाटली तर ती कुणालाच पुरत नाही, हे मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेलं अपयश आहे. आठ ते चौदा तास ठेवून आंघोळ करायची. मधे हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं. भाकरी थापणारी, भांडी घासणारी बाई नेमकी इथेच चुकते, आणि किडे तर हातांवरच जास्त. आठवड्यानं हेच सगळं पुन्हा. दोन महिन्यांखालच्या बाळाला परमेथ्रीनऐवजी गंधकाचं मलम देतात. घरी गंधक कुटून तेलात कालवू नका, प्रमाण चुकलं तर कातडी भाजते. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजनाप्रमाणे, किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, जेवणासोबत, आणि सात ते चौदा दिवसांनी दुसरा डोस, कारण ती अंड्यांना मारत नाही. गरोदर बाईला आणि १५ किलोखालच्या मुलाला ती देत नाही. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय कुणीच घेऊ नका.

कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा, असं पुस्तक सांगतं. आपल्याकडे आश्विनातही कधी ऊन, कधी सर, आणि गोधड्या तर वाळतच नाहीत. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. अंगावेगळा किडा साधारण दीड दिवसात मरतो, थंड दमट हवेत थोडा जास्त तगतो. भिंती-फरशीला औषध मारायची गरज नाही.

मुलांच्या हातांवर पिवळी खपली धरली असेल, पू होत असेल, तर तेही डॉक्टरांच्या नजरेस आणा. किड्यानं कॉम्प्लिमेंट दाबलं की त्याचा फायदा स्ट्रेप्टोकॉकस आणि स्टॅफिलोकॉकस जिवाणूंनाही मिळतो, आणि स्ट्रेप्टोकॉकसनंतर काही मुलांच्या मूत्रपिंडांना सूज येते. सकाळी उठल्यावर पापण्या सुजलेल्या, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची किंवा अगदी कमी, असं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

सासऱ्यांना आत नेण्याआधी रुग्णालयाच्या दारातच सांगा की खपलीच्या खरजेचा संशय आहे, म्हणजे त्यांना रांगेत सगळ्यांच्या मधे बसवणार नाहीत. निदान पक्कं झालं तर त्यांना आयव्हरमेक्टिनचे अनेक डोस, रोजचं परमेथ्रीन (डोकं-चेहरा धरून) आणि थर मऊ करणारं युरिया किंवा सॅलिसिलिक ॲसिडचं मलम लागेल, बहुधा दाखल होऊन. स्टेरॉइडच्या गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नका. बरेच महिने घेतलेल्या गोळ्या एकदम थांबवल्या तर जिवावर बेतू शकतं. दम्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्यांचं पाकीट सोबत न्या.